लॅपटॉप घरी जोडायचा की विकत घ्यायचा? पस्तीस हजारात काय जमतं ते सांगतो

दादा, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही पारोळ्याचे, मुलाला यंदा जळगावला बी.सी.ए.ला टाकलंय, बजेट पस्तीस हजार. दुकानातला डेस्कटॉप तुम्ही स्वतः असेंबल केलाय, कॅबिनेट, मदरबोर्ड (सगळे पार्ट जिथे बसतात तो मुख्य बोर्ड), एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) सगळं वेगवेगळं आणून, आणि तो अजून झकास चालतोय. म्हणून तुमचं म्हणणं की लॅपटॉपचेही पार्ट मुंबईहून आणले आणि घरीच जोडला तर कंपनीचा नफा, डीलरचा नफा वाचेल का आणि त्याच पैशात जरा वरचा प्रोसेसर बसेल का.

मी जळगावात लॅपटॉप रिपेरिंग करतो, बरीच वर्षं झाली, चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरच्या चिपा बदलायचं कामपण करतो, आणि हा प्रश्न दर जून-जुलैला कोणीतरी घेऊन येतंच. सरळ सांगायचं तर सुट्या पार्टपासून लॅपटॉप जोडणं आपल्या बजेटात बसत नाही, महाग पडतं आणि एवढं करून वॉरंटी कशाचीच नाही. पण तुमचा हात स्क्रू ड्रायव्हरवर बसलेला आहे तर त्याचा फायदा नक्की घेता येतो, फक्त तुम्ही म्हणता त्या ठिकाणी नाही.

डेस्कटॉप जोडता येतो कारण १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवलं आणि पुढे सगळ्यांनी ते धरलं. बोर्डाला स्क्रूची भोकं कुठे असणार, मागचे पोर्ट कुठे येणार, एसएमपीएसची वायर कशी लागणार, सगळं ठरलेलं, म्हणून एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्याच कंपनीच्या कॅबिनेटात मुकाट्याने बसतो. लॅपटॉपला असं माप कधी आलंच नाही. ट्रॅक्टरचं बघा ना, मागचं थ्री पॉइंट लिंकेज ठरलेलं आहे म्हणून कोणत्याही कंपनीचं रोटाव्हेटर लागून जातं, पण एका ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स काढून दुसऱ्यात घाला म्हटलं तर मिस्त्री आपल्या तोंडाकडेच बघत राहील. लॅपटॉप जवळजवळ सगळाच गिअरबॉक्स आहे. बोर्डाचा आकार त्या एका बॉडीपुरता, पंख्याजवळची तांब्याची नळी त्या एका बोर्डापुरती, बॅटरी त्या एका पोकळीच्या मापाची. आणि प्रोसेसर वेगळा आणायचा विषयच संपलाय, इंटेलने चौथ्या जनरेशननंतर, म्हणजे चौथ्या पिढीनंतर, लॅपटॉपचे सॉकेटवाले (काढ-घाल होणारे) प्रोसेसर बंद केले, आता तो बोर्डावर सोल्डर होऊनच, म्हणजे कायमचा चिकटवूनच येतो. म्हणजे "वरचा प्रोसेसर टाकू" याचा अर्थ अख्खा बोर्डच दुसरा.

एक बघितलेलं सांगतो. धरणगावकडचा एक पोरगा पिशवीत सगळे पार्ट घेऊन आला होता, बॉडी एकाकडून, बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून, स्क्रीन ऑनलाइन. मॉडेलचं नाव बॉडीवर आणि बोर्डावर एकच, त्यामुळे त्याला वाटलं काम फत्ते. टेबलावर उघडलं तर बॉडी साध्या व्हेरियंटची आणि बोर्ड वेगळं ग्राफिक कार्ड असलेला. हीट सिंकची (उष्णता ओढून घेणाऱ्या भागाची) तांब्याची नळी प्रोसेसरपर्यंत पोचून थांबत होती, ग्राफिकच्या चिपवर काहीच नाही, ती उघडीच. चार्जिंगचा जॅक दुसऱ्या अंगाला, आणि बॉडीत तिथे भोकच नाही. स्क्रीन चाळीस पिनची, केबल तीस पिनची. पोरगा हुशार होता, त्याने मॉडेल नंबर तपासून घेतला होता, पण या धंद्यात मॉडेल नंबरने काम होत नाही, बोर्डावर छापलेला पार्ट नंबर जुळवावा लागतो आणि तो जुना लॅपटॉप उघडल्याशिवाय दिसत नाही.

आता पैशाचा हिशोब. आमच्या लाइनमध्ये बॉडीचे चार भाग म्हणतात, ए म्हणजे स्क्रीनच्या मागचं झाकण, बी म्हणजे स्क्रीनभोवतीची पट्टी, सी म्हणजे कीबोर्डची प्लेट आणि डी म्हणजे खालचा तळ. हे चारही चांगल्या अवस्थेत घ्यायचे तर तीन ते पाच हजार, आठव्या जनरेशनच्या आय-फाइव्हचा वापरलेला बोर्ड आठ ते बारा, चौदा इंची फुल एचडी स्क्रीन चार-पाच, कीबोर्ड हजार-दीड हजार, बॅटरी दोन-तीन, मग पंखा-हीट सिंक, वायफाय कार्ड, हिंज (स्क्रीनची बिजागरी), स्पीकर, स्क्रीनची केबल, चार्जर, रॅम (चालू कामाची मेमरी), एसएसडी (फाइली साठवायची डिस्क). सगळं नीट धरलं तर पंचवीसच्या वर सहज जातं. आणि हाच लॅपटॉप रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकायला ठेवलेला), अख्खा, चालू अवस्थेतला साधारण अठरा ते बावीस हजारात मिळतो! कारण उघड आहे, मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप लॉटने विकतात आणि व्यापारी ते घाऊक भावात उचलतो. सुटे पार्ट विकणारा तोच लॅपटॉप फोडून विकतो, आणि फोडून विकण्यात त्याला जास्त मिळतं म्हणून तर तो फोडतो. वर विंडोजचं लायसन्स राहिलंच. कंपनीच्या लॅपटॉपच्या लायसन्सचा कोड बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये (चिपमधल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये) असतो, नवीन विंडोज टाकलं आणि नेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. कुठून कुठून आणलेल्या बोर्डात तो असेलच असं नाही.

लॅपटॉप जोडायचे प्रयत्न जगात झालेत, नाही असं नाही. २००६ च्या आसपास इंटेलनेच तैवानच्या मोठ्या कारखान्यांना सोबत घेऊन स्क्रीन, बॅटरी, कीबोर्ड, अडॅप्टर असे भाग सामाईक करायचा घाट घातला होता, पण पुढे सगळ्यांना बारीक आणि हलका लॅपटॉप हवा झाला आणि ते मागे पडलं. क्लेव्हो नावाची तैवानची कंपनी अजूनही बेअरबोन बॉडी बनवते, त्यात विकणारा आपल्या पसंतीची रॅम-एसएसडी टाकून स्वतःच्या नावाने विकतो. आणि अमेरिकेतली फ्रेमवर्क, २०२१ पासून, तिचा लॅपटॉप खरंच घरी जोडता येतो, पोर्टसुद्धा काढ-घाल करता येतात आणि दोन-तीन वर्षांनी नुसता बोर्ड बदलून जुनी बॉडी चालू ठेवता येते. मला स्वतःला ही कल्पना भयंकर आवडते. पण आपल्याकडे तो सहज मिळत नाही, आणि मागवला तरी त्या पैशात आपल्याकडे दोन लॅपटॉप येतील, त्यामुळे तुमच्या पस्तीस हजाराच्या गोष्टीत तो विषय इथेच सोडू.

काहीजण रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर बोर्ड), छोटी स्क्रीन आणि पॉवर बँक जोडून लॅपटॉप करायचा व्हिडिओ दाखवतात. प्रोजेक्ट म्हणून मस्त आहे, कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवा. पण त्यावर नेहमीचं विंडोज नाही, टॅली नाही, आणि तीन वर्षं रोज बॅगेत घालून नेण्यासारखी ती वस्तू नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझा साधा नियम असा आहे की जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसे घालायचे आणि जे बदलता येतं ते आज कमी असलं तरी चालवून घ्यायचं. प्रोसेसर बदलत नाही. बोर्डावर सोल्डर केलेली रॅम बदलत नाही. बॉडी आणि हिंजची मजबुती बदलत नाही. स्क्रीन बदलते पण खर्चिक. रॅमचा स्लॉट असेल तर रॅम, आणि एसएसडी, बॅटरी, वायफाय कार्ड, कीबोर्ड हे सगळं घरी बसून बदलता येतं, तुम्ही डेस्कटॉप जोडलाय तर तुम्हाला तासाभराचं काम. तुमचं असेंबलिंग इथे कामाला येतं. दुकानदार रॅम-एसएसडी वाढवून देताना जे वरचे पैसे लावतो ते तुमचे वाचतात, आणि बॅटरी गेली म्हणून लॅपटॉप टाकून द्यायची वेळ येत नाही.

म्हणून तुमच्यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला, बिझनेस सिरीजचा जुना लॅपटॉप घ्या आणि उरलेल्या पैशात तो घरी सजवा. लेनोवोचा थिंकपॅड टी-४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९० किंवा ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी-५, या चारही मॉडेलमध्ये रॅमचे दोन-दोन स्लॉट आहेत. टी-४८० ची एक बॅटरी तर खालून बाहेरच्या बाहेर निघते. नावाला मात्र फसू नका, टी-४८० एस किंवा टी-४९० घेतला तर त्यात काही रॅम सोल्डर आणि स्लॉट एकच, आणि एक्स-वन कार्बन दिसायला कितीही देखणा असला तरी त्यात सगळीच रॅम सोल्डर, म्हणजे आठ जीबीचा घेतला तर आठच.

आठवी जनरेशन का म्हणतोय ते नीट समजून घ्या, कारण दुकानात तुम्हाला सहावी-सातवी दोन-तीन हजार कमी सांगून गळ्यात मारतील. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची साधारण आठवी जनरेशन लागते, सोबत टीपीएम २.० ची सुरक्षेची चिप. जुन्यावर इकडून तिकडून पॅच मारून टाकून देणारे आहेत, पण पुढे मोठं अपडेट आलं की पोरगा परीक्षेच्या आदल्या रात्री फोन करतो. दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह ७२००यू हा फक्त दोन कोरचा होता (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग), आणि आठव्यात आय-फाइव्ह ८२५०यू एकदम चार कोर, आठ थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी आठ कामं ओढणारा झाला. नाव दोन्हीचं आय-फाइव्हच, पण एका पिढीत काम करायची ताकद एवढी वाढली की आजही बी.सी.ए.च्या अभ्यासाला, जावा, पायथन, मायएसक्यूएल, ब्राउजरच्या वीस टॅब, हे सगळं तो ओढतो.

जुना घेताना तपासायचं काय ते सांगतो, आणि हे दुकानातच, पैसे द्यायच्या आधी करायचं, घरी येऊन नाही. चालू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन बघा, पासवर्ड मागितला तर तिथूनच नमस्कार करून निघा, बिझनेस लॅपटॉपचा बायोस पासवर्ड आतली बॅटरी काढून जात नाही, त्याला चिप प्रोग्रॅम करावी लागते. मग विंडोज रिसेट करायला लावा आणि नेट जोडून सेटअप पूर्ण होऊ द्या, कारण काही लॅपटॉप अजून जुन्या कंपनीच्या यादीत नोंदवलेले असतात आणि नेट लागलं की स्क्रीनवर त्या कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागतात. तो लॅपटॉप तुमचा कधीच होणार नाही, दुकानदार कितीही "होऊन जाईल भाऊ" म्हणो. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) अशी कमांड मारली की एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नवीन बॅटरीचे पैसे भावातून कमी करून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर टाकून एसएसडीची हेल्थ बघा. टचपॅड बोटाने दाबा, तो वर उचलल्यासारखा वाटला किंवा क्लिक घट्ट वाटलं तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते.

स्क्रीनपण बघा नीट. टी-४८० आणि ५४९० मध्ये काही लॉट १३६६ बाय ७६८ च्या जुनाट स्क्रीनचे होते, बाजूने बघितलं की रंग उलटे दिसतात, कोडिंग करताना अर्धा प्रोग्रॅम स्क्रीनबाहेर. फुल एचडी आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारी) मागून घ्या, त्यासाठी हजार-दोन हजार जास्त गेले तरी द्या. आणि पक्कं बिल घ्या, जीएसटीचं, त्यावर सिरियल नंबर टाकून. नुसत्या कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला लॅपटॉप उद्या चोरीचा निघाला तर तुम्ही कोणाकडे जाणार?

घ्यायचा कुठून? जळगावात गोलाणी मार्केटला एक चक्कर मारा, दोन-चार ठिकाणी भाव काढा, मुंबईला कामाने जाणार असाल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड बघा. भावातला फरक गाडीभाडं आणि एक दिवसाचं दुकान बंद यापेक्षा जास्त निघाला तरच तिकडून घ्या, कारण महिनाभराने स्क्रीनवर रेघ आली तर परत कोण जाणार. मी तर म्हणतो रिफर्बिश्ड जवळच घ्यावा, निदान दुकानदाराचं तोंड ओळखीचं असतं.

दुसरा रस्ता म्हणजे नवीन. पस्तीसात नवीन मिळतो, पण या भावात सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण डबा नवा, स्टिकर चकचकीत आणि आत काय आहे ते कोणी वाचत नाही. सेलेरॉन एन-४०२० किंवा एन-४५००, त्यासोबत चार जीबी सोल्डर रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीऐवजी बोर्डावरच बसवलेलं स्टोरेज), हे कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. दोन कोर, दोन थ्रेड, आणि ६४ मधली बरीचशी जागा विंडोजच खाऊन बसतं, अपडेट यायलाही जागा उरत नाही. वाढवायचं म्हटलं तर रॅम सोल्डर, स्टोरेजपण सोल्डर. माझ्या टेबलावर असे लॅपटॉप "स्लो झालाय, बघा जरा" म्हणून येतात आणि मला हात जोडून परत द्यावे लागतात.

एएमडीमध्ये वेगळी गंमत आहे. रायझन फाइव्ह ७५२०यू आणि रायझन फाइव्ह ७५३०यू, शेजारी शेजारी ठेवलेले, आकड्यात दहाचा फरक, गिऱ्हाइकाला वाटतं सारखेच. पण ७००० सिरीजच्या त्या चार आकड्यांत तिसरा आकडा आतल्या डिझाइनची पिढी सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन-टू, जुनं डिझाइन, चार कोर, आणि त्याला एलपीडीडीआर-फाइव्ह रॅमच लागते म्हणून ती सोल्डर असते. ७५३० मधला ३ म्हणजे झेन-थ्री, सहा कोर, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रॅमला स्लॉट. तिसरा आकडा बघायची सवय लावून घ्या, दुकानात सेल्समनला विचारलं तर दहातल्या नवांना माहीत नसतं. ७३२०यू पण त्याच जुन्या गटातला. इंटेलमध्ये आय-थ्री १११५जी४ दोन कोरचा आणि आय-थ्री १२१५यू सहा कोरचा, दोन मोठे चार छोटे, नाव दोघांचंही आय-थ्री. पस्तीसच्या आसपास १२१५यू आठ जीबी रॅमचा आणि एक रिकामा स्लॉट असलेला मिळाला तर डोळे झाकून घ्या. म्हणजे झाकू नका, स्लॉट खरंच आहे का ते बघा आधी.

रॅमबद्दल दोन शब्द. तुम्ही स्वतः टाकणार म्हणून सांगतो, लॅपटॉपची रॅम छोटी, तिला सोडिम म्हणतात, आणि डीडीआर-थ्रीला २०४ पिन, डीडीआर-फोरला २६०, डीडीआर-फाइव्हला २६२, खाच वेगवेगळ्या ठिकाणी, त्यामुळे चुकीची बसणार नाही, जोर लावू नका. एक आठ जीबीची पट्टी असेल तर दुसरी आठचीच घाला, दोन पट्ट्या जोडीने चालल्या की आतल्या ग्राफिकला चांगलाच फरक पडतो. मात्र २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते आणि कारखाने आधी तिकडे माल देतात, त्यामुळे "नंतर स्वस्तात वाढवू" हे गणित सध्या उलटं झालंय. लॅपटॉपमध्येच सोळा जीबी बसून येत असेल आणि फरक थोडा असेल तर आत्ताच घ्या. एसएसडी घेताना स्लॉट एनव्हीएमईचा आहे का सॅटाचा ते बघा (हे जोडणीचे दोन प्रकार), दोन्ही एम-टू, म्हणजे छोट्या पट्टीच्या आकाराच्या, दिसायला भाऊ-भाऊच. आणि काहीही उघडण्याआधी अडॅप्टर काढा, बायोसमधून बॅटरी डिसेबल करायचा पर्याय असेल तर करा, नसेल तर आतला बॅटरीचा कनेक्टर पहिला काढा. रॅम काढता-घालताना बोर्ड उडतो तो बहुतेक वेळा याच आळसाने.

आता आपल्याकडचं हवामान, कारण पुण्या-मुंबईचे लोक यावर बोलत नाहीत. जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४४-४५ म्हणजे काही विशेष नाही, आणि लिथियम बॅटरी चार्ज करायची मर्यादाच साधारण ४५ डिग्रीची असते. पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंगला लावून वर गेम खेळलं तर बॅटरी दोन वर्षांत झोपते. बिझनेस लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते, ती पहिल्या दिवशी लावा. आणि धूळ. मागे एका जिनिंगच्या मुनीमजींचा लॅपटॉप आला होता, तक्रार अशी की दहा मिनिटांत बंद पडतो. तळ उघडला, पंखा काढला तर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध कापसाच्या तंतूंची गादी बसलेली, बोटाने ओढली तर अख्खी पट्टी एका तुकड्यात निघाली, राखाडी, मऊ. हवा जायला जागाच नव्हती. गादी काढली, थर्मल पेस्ट नवीन लावली, पार्ट एकही बदलला नाही, लॅपटॉप चालू. बाहेरून ब्लोअर मारून ती गादी निघत नाही उलट आत दाबली जाते, म्हणून वर्षातून एकदा दिवाळीच्या आसपास तळ उघडून साफ करायचं, आणि हे तुम्ही घरी करू शकता. एवढ्यासाठीपण मी तळ सहज उघडणाऱ्या बॉडीला जास्त मार्क देतो.

लाइटीचं म्हणाल तर अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, कमी दाबाला तो टिकतो, पण लोडशेडिंगनंतर लाइट येते तेव्हाचा झटका वाईट, म्हणून लाइट गेली की प्लग काढायची सवय लावा. मेटल बॉडीच्या लॅपटॉपला हात लावल्यावर बारीक करंट लागतो अशी तक्रार खेड्यातून फार येते, त्यात लॅपटॉपचा दोष नसतो, अडॅप्टरच्या फिल्टरमधून थोडा करंट गळतो आणि घराला अर्थिंग नसलं की तो तुमच्या हातातून जातो. तीन पिनचा प्लग आणि चालू अर्थिंग, एवढंच औषध. तीनशे रुपयांचा डुप्लिकेट चार्जर मात्र लावू नका, बोर्ड त्यानेच जातात.

नवीन घेणार असाल तर वॉरंटी ऑनसाइट आहे का कॅरी-इन ते बिलाआधी विचारा, आणि ऑनसाइट असेल तर पारोळ्याच्या पिनकोडला माणूस येतो का तेही. नाहीतर दर वेळी लॅपटॉप घेऊन तुम्हालाच सर्व्हिस सेंटरला जावं लागेल. घरातल्या कोणाचं दुबईला येणं-जाणं असेल तर अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला सोबत एक लॅपटॉप बिनड्युटीचा आणता येतो, पण कीबोर्डवर अरबी अक्षरं आणि वॉरंटी तिकडची असा प्रकार होऊ शकतो, आधी विचारून घ्या.

अजून एक. मुलगा लॅपटॉप रोज नेणार आहे का, का हॉस्टेलच्या टेबलावरच राहणार? टेबलावरच राहणार असेल तर रिफर्बिश्ड मिनी पीसी, थिंकसेंटर टायनी किंवा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, मॉनिटरसकट बऱ्याच कमी पैशात होतो. पण बी.सी.ए.ला प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्टसाठी न्यावा लागतोच, आणि लाइट गेल्यावर बॅटरी असणं ही मोठी सोय आहे, म्हणून मी त्या वाटेने तुम्हाला ढकलत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आठव्या जनरेशनचा, दोन स्लॉटचा, फुल एचडी बिझनेस लॅपटॉप वीस-बावीसपर्यंत घेतला असता, सोळा जीबी रॅम करून घेतली असती, बॅटरी रिपोर्ट वाईट असेल तर नवी बॅटरी मागवली असती (बॅटरी बहुतेक कुरिअर विमानाने नेत नाहीत, रस्त्याने येते, आठ-दहा दिवस धरा), आणि उरलेले पैसे हातात ठेवले असते, कारण तिसऱ्या वर्षी काहीतरी लागतंच. घरात कोणाला जुनी वस्तू नकोच असेल, आणि असं असतं बऱ्याच घरी, पोराला पहिल्यांदा लॅपटॉप घेतोय तर नवाच पाहिजे म्हणतात, तर १२१५यू किंवा ७५३०यू, रिकाम्या स्लॉटसकट, आणि बजेट दोन-चार हजाराने ताणा. बघायला जाल तेव्हा तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, डॅशनंतरची अक्षरंपण, कारण स्लॉट आहे का सोल्डर ते त्या शेवटच्या अक्षरांवरूनच कळतं, नुसत्या नावावरून नाही.